बावीस तासांची नोकरी

गेल्या दोन महिन्यांत ऑफिसातल्या चार जणांनी मला तोच प्रश्न विचारलाय. "अलायनर घेऊ का गं? तुझे किती दिवसांत झाले?" चौघांनाही कॉफी मशीनपाशी उभ्या उभ्या अर्धवट उत्तरं दिली. आज शनिवार आहे, बाहेर पनवेलचा पाऊस कोसळतोय, लाईट अजून गेलेले नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुढचा विचारेल त्याला हेच वाचायला देईन :)

आधी थोडी पार्श्वभूमी. माझे खालचे पटाशीचे दात म्हणजे पनवेल स्टेशनवरची पावणेनऊची लाईन. एक पुढे, एक मागे, एक आडवा घुसलेला. वरचा डावा सुळा बाकीच्यांच्या अंगावर चढून बसलेला. नववीत असताना, २०११ साली, बाबा मला गावातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी तारा लावायला सांगितल्या आणि एक आकडा सांगितला. घरी येताना बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, "दहावीचा क्लास, मग बारावीचा, मग इंजिनिअरिंग. दात चावायला तर येतायत ना?" येत होते. विषय संपला. मला त्याबद्दल तक्रार नाही, त्या पैशातूनच मी आज इथे बसून टाईप करतेय. पण तेव्हापासूनच्या माझ्या प्रत्येक फोटोत तोंड बंद आहे किंवा तोंडावर हात आहे. फेअरवेल, कॉन्व्होकेशन, टीम आऊटिंग, सगळीकडे. स्थळांसाठी फोटो काढायला गेले तेव्हा फोटोग्राफरने "मॅडम, जरा कमी हसा" म्हटलं, त्या दिवशी मात्र ठरवलं की आता आपल्या पगारातून हे करायचं. स्थळांसाठी नव्हे हो, मला मोकळं हसायचं होतं एवढंच.

आता चूक सांगते. फेब्रुवारी २०२४मध्ये मी एका घरपोच कंपनीला पैसे भरायच्या अगदी बेतात होते. ॲपवर अपॉईंटमेंट, घरी येऊन पेनासारख्या कॅमेऱ्याने दातांचं स्कॅनिंग, तिसऱ्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ. वेडेवाकडे दात आठ सेकंदांत सरकत सरकत सरळ होतात! मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल देव जाणे. बासष्ट हजार रुपये, बिनव्याजी ईएमआय, ट्रे कुरियरने येणार, डॉक्टरशी गरज पडली तर व्हिडिओ कॉल. आपल्या पिढीला अजून काय हवं असतं?

आडवी आली ती आई. तिला ईएमआय वगैरे काही कळत नाही, पण तिने एकच विचारलं, "तुझ्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं ना? ते त्या मुलाला सांगितलंस का?" सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलंच नव्हतं. नुसतं आईचं समाधान म्हणून मी नवीन पनवेलमधल्या एका ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी व्हिडिओ पाहिला, "छान आहे" म्हणाल्या, आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. त्या एक्स-रेत दिसलं की माझ्या खालच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड थोडं खाली गेलंय. वय वर्षं सव्वीस, हिरड्यांचा आजार सुरू, आणि मला पत्ता नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. स्कॅनरला दिसतो तो दाताचा हिरडीबाहेरचा भाग. मूळ, त्याच्याभोवतीचं हाड, आत अडकलेली अक्कलदाढ, यातलं काहीच त्याला दिसत नाही. म्हणजे आपण नुसता फ्रंट-एंड पाहून मायग्रेशनला हो म्हणत होतो! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं: दात हाडात सिमेंट लावून बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा एक मऊ पडदा असतो. दातावर सतत हलका दाब राहिला की ज्या बाजूला दाब पडतो तिकडचं हाड पेशी खातात आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरत जातं. दात सरकतो तो असा. पण हिरडीला सूज असताना हीच ढकलाढकली केली तर हाड आणखी झपाट्याने झिजू शकतं. तोच व्हिडिओ, तेच ट्रे, पण वर्षभराने दात सरळ आणि हलणारे.

मग मार्च ते मे हिरड्यांवर उपचार, सफाई, रोज फ्लॉस. जूनमध्ये पहिला ट्रे. तेव्हा फार चिडले होते मी त्या तीन महिन्यांवर. आज वाटतं, पूर्ण खर्चातला सगळ्यात उपयोगी पैसा तिथेच गेला.

एवढ्यासाठी माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे घाई असेल त्यांनी इथेच थांबावं. अलायनर ही फोनसारखी विकत घ्यायची वस्तू नाही. प्लास्टिकला फार किंमत देऊ नका. पैसे मोजायचे ते तुमचं तोंड बघून निर्णय घेणाऱ्या माणसाचे. आणि उरलेलं काम तुमचं स्वतःचं असतं, रोज बावीस तास.

आता थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे. वाकड्या दातांवर पट्ट्यांची मालिका ही कल्पना जुनीच. केसलिंग नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने १९४५ सालीच लिहून ठेवलं होतं की प्लास्टरच्या साच्यावर दात थोडे थोडे हलवून प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं उपकरण बनवलं तर दात सरकवता येतील. पण एका पेशंटसाठी वीस-पंचवीस साचे हाताने कोण बनवणार? ते सुटलं १९९७ साली. स्टॅनफर्डमध्ये एमबीए केलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी काढली. दोघंही दातांचे डॉक्टर नव्हते. चिश्तीने मोठेपणी तारा लावल्या होत्या आणि नंतरचा प्लास्टिकचा रिटेनर घालताना त्याला सुचलं की टप्पे कॉम्प्युटरवर पाडता येतील. १९९८ला अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली आणि इन्व्हिजलाईन बाजारात आलं. आणि आपल्या धंद्यातली गंमत अशी की सुरुवातीला दात कॉम्प्युटरवर हलवायचं काम लाहोरला होत असे. ऑफशोअरिंग! २००१नंतर ते कोस्टा रिकाला गेलं.

त्या कंपनीची मूळ पेटंटं २०१७पासून संपायला लागली आणि मग जगभर स्वस्त अलायनरांचं पीक आलं. आपल्याकडेही आलं. जानेवारी २०२५मध्ये मुंबईच्या लक्ष्मी डेंटलचा आयपीओ आला, त्यांचा इल्युजन नावाचा अलायनर आहे, तेव्हा तर आमच्या टीममधले डिमॅटवाले माझ्या तोंडाकडे सेक्टर ॲनालिसिस म्हणून बघायला लागले.

पण याच काळात दुसरंही घडलं. घरपोच अलायनरची अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली कंपनी स्माईल डायरेक्ट क्लब. २०१९ला शेअर बाजारात आली, सप्टेंबर २०२३ला दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरमध्ये बंदच झाली. अर्ध्यात अडकलेल्या गिऱ्हाईकांना सांगण्यात आलं की पुढचं तुमच्या जवळच्या डॉक्टरला विचारा. ऑक्टोबर २०२४मध्ये बाईट नावाच्या दुसऱ्या घरपोच ब्रँडनेही विक्री थांबवली. सर्व्हर बंद पडला तर बॅकअप घेता येतो. बाराव्या ट्रेवर कंपनी बंद पडली तर दात मात्र अधांतरी राहतात.

आता रोजचं आयुष्य. जाहिरातीत हे येत नाही.

पहिला आठवडा मी तोतरी होते. 'स' म्हटलं की 'श'च्या जवळचं काहीतरी बाहेर पडायचं. आमच्या स्टँडअपमध्ये "सर्व्हिस सस्पेंड झाली" हे वाक्य मी तीनदा म्हटलं, क्लायंटने शेवटी चॅटवर टाईप करायला सांगितलं. आठ-दहा दिवसांत जीभ शिकते. मोठ्याने वाचा, लवकर जमतं.

दुखतं का? दुखतं, पण "आई गं" असं नाही. नवा ट्रे घातल्यावर दोन-तीन दिवस दात जड झाल्यासारखे वाटतात, पोळीसुद्धा दमवते. म्हणून नवा ट्रे रात्री झोपताना घालायचा. दातांवर तांदळाच्या दाण्याएवढे, दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. मला नऊ होते. ट्रेला दात पकडायला खुंट्या हव्यात ना, त्या ह्या. 'अदृश्य' वगैरे विसरा, समोरच्याला जवळून दिसतं. जागा करायला दोन दातांच्या मधल्या कडा किंचित घासतातही, साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. इनॅमल परत उगवत नाही, तेव्हा कुठे आणि किती घासणार हे आधी विचारून घ्या.

पण खरी परीक्षा चहाची. ट्रे तोंडात असताना साध्या पाण्याशिवाय काही चालत नाही. गरम चहाने प्लास्टिक वाकतं, गोडाने दात किडतात कारण ट्रेखाली लाळ नीट पोचत नाही. आणि हळदीने ट्रे पिवळाधम्मक! एकदा घाईत ट्रेसकट वरणभात खाल्ला होता, पुढचा आठवडा पिवळ्या दातांनी फिरले. म्हणजे प्रत्येक खाण्याआधी काढा, डबीत ठेवा, खा, ब्रश करा, घाला. डबीतच ठेवा बरं. टिश्यूत गुंडाळलेला ट्रे कँटीनच्या कचऱ्यात जातो, मी स्वतः बादलीत हात घालून शोधलाय.

मी ट्रान्स-हार्बरने पनवेल ते ऐरोली जाते. लेडीज डब्यात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. ढोकळा येतो, समोसा येतो, घरच्या चकल्या येतात. "घे गं एक!" एक खायचा म्हणजे ट्रे काढणं आलं, आणि नंतर ब्रश कुठे करणार, वाशीच्या खाडीत? सुरुवातीला मैत्रिणींना वाटलं मी डाएटवर आहे, मग वाटलं मला शिंगं फुटली. गणपतीत तर कहर. सप्टेंबर २०२४, सातव्या ट्रेला आम्ही पहिल्या दिवशी पाच घरी दर्शनाला गेलो. प्रसादाला नाही म्हणता येत नाही आणि उकडीच्या मोदकाला नाही म्हणायची माझी तयारीही नव्हती. रात्री हिशेब केला, ट्रे सहा तास बाहेर. दुसऱ्या दिवशी तो नीट बसेना. डॉक्टरीणबाईंनी रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "मग हाच आणखी पाच दिवस घाला."

गणित सोपं आहे. चोवीस तासांतले बावीस तास ट्रे आत. उरले एकशेवीस मिनिटं. नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण, प्रत्येकी अर्धा तास म्हटलं तरी नव्वद गेली. ब्रशिंगला वीस. उरली दहा. त्यात एक चहा बसतो, चार बसत नाहीत. एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, तो दाब तुटला की काम थांबतं आणि पुढचा ट्रे चुकीच्या जागेवर बसायला बघतो. तारांचं एक बरं असतं, त्या काढताच येत नाहीत. अलायनरमध्ये पोलीसही आपणच आणि चोरही आपणच.

आणि आता त्या व्हिडिओबद्दल. आपण सॉफ्टवेअरवाले, आपल्याला माहीत असायला हवं की डेमो म्हणजे प्रॉडक्शन नव्हे. इन्व्हिजलाईनवरच्या एका अमेरिकन अभ्यासात २००९ साली पुढच्या दातांची कॉम्प्युटरने दाखवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल ताडून पाहिली. सरासरी ४१ टक्के जुळली. मधल्या काळात प्लास्टिक, सॉफ्टवेअर सगळं सुधारलं, २०२०मध्ये पुन्हा असंच मोजलं तेव्हा सरासरी ५० टक्के. याचा अर्थ ते फसवं आहे असा नाही. अनुभवी डॉक्टर हे धरूनच आराखडा करतो, जिथे दात ऐकणार नाही तिथे मुद्दाम जास्त हालचाल लिहितो आणि शेवटी दुसरी फेरी ठेवतो. माझे चोवीस ट्रे होते, प्रत्येकी दहा दिवस. फेब्रुवारी २०२५ला ते संपले तेव्हा बाकी सगळं छान, पण तो चढलेला सुळा अर्धाच वळलेला. गोलसर आकाराचा दात वळवणं अलायनरला जड जातं. पुन्हा स्कॅन, पुन्हा अकरा ट्रे. आठ महिन्यांचे तेरा झाले. हे मला आधीच सांगितलं होतं म्हणून रडू आलं नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी हे विचारा:

१. तपासणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस आहेत का? बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त हेच शिकलेला माणूस हवा. आणि दर दीड-दोन महिन्यांनी तोच माणूस प्रत्यक्ष तोंड बघणार आहे का?

२. एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी झाली का? नुसत्या स्कॅनवर आराखडा देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

३. दुसऱ्या फेरीचे ट्रे किमतीत धरलेत का? रिटेनर धरलाय का? मला मिळालेली कोटेशनं बासष्ट हजारांपासून दोन लाख ऐंशी हजारांपर्यंत होती आणि हा फरक बराचसा इथेच लपलेला होता. आणि मेडिक्लेमवर फार विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत हे बसत नाही.

४. माझ्या केसला तारा जास्त चांगल्या का? हा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर चिडले तर डॉक्टर बदला. जबड्यातच फरक असेल, दात फार वळलेले असतील, आत अडकलेला दात बाहेर काढायचा असेल, तर तारांना आजही तोड नाही.

५. काहीच केलं नाही तर काय होईल? कधी कधी उत्तर "काही नाही" असतं. तेही ऐकायची तयारी ठेवा.

तारांवरून आठवलं. आपल्याकडे तारा म्हणजे शाळकरी मुलांचं काम असं डोक्यात बसलंय. पण पैशाची अडचण असेल तर आपल्या हार्बर लाईनसारखी लाईन नाही. कामोठ्याला एमजीएम, खारघरला वायएमटी, बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, इतकी डेंटल कॉलेजं रांगेत आहेत. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तारा लावतात, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. वेळ जास्त जातो, रांग असते, पण एका पेशंटमागे दोन-तीन डोकी असतात. बासष्ट हजारांच्या एकट्या कुरियरपेक्षा मी हे कधीही निवडेन. २०११मध्ये आमच्या घरात हे कुणाला माहीत असतं तर कदाचित हा लेख लिहायची वेळच आली नसती.

शेवटचा मुद्दा, जो सगळे विसरतात. दात सरळ झाले की संपत नाही. दाताभोवतीचं नवीन हाड घट्ट व्हायला महिने लागतात आणि हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून रिटेनर. पहिले काही महिने दिवसरात्र, नंतर रात्री, आणि "किती वर्षं?" याचं प्रामाणिक उत्तर आहे, दात सरळ हवेत तितकी वर्षं. मला खालच्या दातांना मागून एक बारीक तार कायमची चिकटवलीय, वरचा ट्रे रोज रात्री. हे जमणार नसेल तर पैसे ठेवा आणि कुठेतरी फिरून या. फोटोत तोंड बंद ठेवा, मी केलंय पंधरा वर्षं.

मला विचाराल तर मी पुन्हा करेन का? हो, करेन. मला झेपलं. हिरड्या आज दातांपेक्षा चांगल्या आहेत आणि रक्त येणं बंद झालंय. पण घेऊ का असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगते की एक आठवडा रोजचे चहा मोजून पाहा.

गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात आमचा कुटुंबाचा फोटो काढला. माझा हात खाली, तोंड उघडं, बत्तिशी बाहेर. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, नववीतलं काहीतरी. मग म्हणाले, "किती गेले म्हणालीस यात?" मी आकडा सांगितला. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "तेव्हा अठरा हजार म्हणाला होता तो डॉक्टर."

इतकी वर्षं आकडा लक्षात होता त्यांच्या.

असो. साडेअकरा झालेत, रिटेनर घालायचाय.